उसाला सरवा नसतो

'सरवा' हा शब्द आता माझ्या वर्गातील निम्म्या मुलांना फोड करून सांगावा लागतो. पीक काढून नेल्यावर शेतात जी कणसे, शेंगा, घाटे मागे पडून राहतात ती वेचून आणणे म्हणजे सरवा वेचणे. मालकाची गाडी खळ्याकडे गेली की आमच्या वाड्यातील बायका रानात शिरत. शाळूचा सरवा, हरभऱ्याचा सरवा, आणि सर्वांत मोठा भुईमुगाचा. आई खुरप्याने माती उकरीत पुढे जायची आणि मी फ्रॉकच्या ओच्यात शेंगा गोळा करीत मागून जायची. दिवस मावळेपर्यंत तीन-चार शेर शेंगा झाल्या तर त्यांतल्या निम्म्या दुकानात जात, त्याचे तेल-मीठ येई आणि उरलेल्या आम्ही खात असू. हे शिरोळ तालुक्यातील एका गावात मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि मी अजून चाळिशीत पोचलेली नाही.

सरव्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तो उष्ट्याचाच एक प्रकार होता. मालक बांधावर उभा राहून शिव्या घालीत असे, ओटी तपासून बघत असे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेले ढोर आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, त्यात सरवाही आला असे मी मानते. पण उष्टे सोडणाऱ्या माणसाला स्वतःचे ताट मिळायला हवे होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने खालसा करून त्या जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर केल्या, म्हणून आमच्या आज्ज्याच्या नावाने जमिनीचा एक तुकडा तरी राहिला. वाटण्या होत होत तो आमच्याकडे अठरा गुंठ्यांवर आला. अठरा गुंठ्यांत घर चालत नाही. ते रान आम्ही खंडाने दिले आणि घेणाऱ्याने त्यात ऊस लावला, कारण तोपर्यंत पाणीपुरवठा संस्थेचे पाईप आमच्या माळापर्यंत चढले होते.

उसाला सरवा नसतो. तोडणी बुडख्यापासून होते, मोळ्या बांधल्या जातात, ट्रॅक्टर भरून जातो आणि मागे राहते ते पाचट. वाढे असतात खरे, पण ते ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याच्या कामाचे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, मग त्याचाच खोडवा. त्या काळात त्या जमिनीतून भूमिहीनाच्या घरात एक दाणा येत नाही. भांगलणीची मजुरी येते, तीही रोख, आणि रोख मजुरीचे धान्य होते ते बाजारभावाने.

हे सारे मी आज एका बेटासंबंधी लिहिताना का सांगते आहे, याचा उलगडा करते. दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात 'उष्ण कटिबंधातील बेटे आणि अन्नसुरक्षा' या विषयावर बोलण्याची पाळी माझ्यावर आली. भूगोल शिकवणाऱ्याच्या वाट्याला असली कामे येतात. मी मॉरिशस निवडले, कारण तिथे मराठी माणसे आहेत आणि श्रोत्यांना तेवढाच जवळचा धागा मिळेल असा सरळ हिशेब होता. वाचू लागले तेव्हा ध्यानात आले की मी हिंदी महासागरातले बेट वाचीत नसून माझा तालुकाच वाचते आहे.

मॉरिशसचे मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे. कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम पाव भागाएवढे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. डचांनी १६३९ साली जावाहून ऊस आणून तेथे लावला. फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणून तो वाढवला आणि १८१० नंतर इंग्रजांनी त्याचा सबंध बेटाएवढा मळा केला. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. तेव्हा मोकळे झालेले गुलाम साठ हजारांवर होते. त्यांच्या मालकांना 'मालमत्ता गेली' म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. गुलामांना काहीही मिळाले नाही. मळ्यावर परत पाय ठेवायचा नाही असे ठरवून त्यांतले पुष्कळ जण किनाऱ्याकडे गेले, मासेमारीला लागले, कुठे डोंगरउतारावर मका आणि कंद लावून राहिले. आजच्या क्रिओल कोळ्यांचे हे पूर्वज. किनारा त्यांच्या वाट्याला आला तो अशा रीतीने. पुढे याची गरज पडणार आहे म्हणून वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे.

गुलामांच्या जागी मग हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून पहिले ३६ जण पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. ते छोटा नागपूरचे आदिवासी होते, हे मुद्दाम सांगते. त्यानंतरच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या घरात माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि आसपासची मराठी माणसे गेली, ती प्रामुख्याने नैऋत्येच्या ब्लॅक रिव्हर भागात स्थिरावली. मजुराच्या नोंदीत नाव, बापाचे नाव, वय, गाव आणि जात हे रकाने भरून घेतले जात. समुद्र ओलांडला तरी जातीचा रकाना रिकामा राहिला नाही. आजही तेथील हिंदूंच्या राजकारणात वैश, रजपूत, रविवेद असे गट मोजले जातात.

आपल्याकडची वृत्तपत्रे या मराठी माणसांविषयी वर्षातून एकदा लिहितात, गणपतीच्या दिवसांत. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते याचे आपल्या पुढाऱ्यांना मोठे कौतुक. मोदकाची पिठी ज्या तांदळाची, तो तांदूळ जहाजातून येतो, हे मात्र कोणी छापत नाही.

हा तांदूळ पहिल्या दिवसापासून जहाजानेच येत आला आहे. करारात महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा लिहिलेला असे. बेटावर धान्य पिकू शकत नव्हते असे नाही. पिकू दिले गेले नाही, कारण धान्याला दिलेली प्रत्येक पांड जमीन उसातून वजा होत होती. मळेवाल्याला याचा दुहेरी लाभ होता. सारी जमीन साखरेला मोकळी राहिली, आणि ज्याचे जेवण मालकाच्या कोठारातून मोजून येते तो मजूर सहसा उठून जात नाही. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम होता. आमच्या बलुत्याचे गणित याहून फार निराळे नव्हते. पोट दुसऱ्याच्या कणगीला बांधलेले असले की तोंड आपोआप बंद राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील बिटाच्या साखरेमुळे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या मळ्यांच्या कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. करार संपलेल्या मजुरांनी, त्यांतही मुकादमी करून चार पैसे गाठीला बांधलेल्यांनी, त्या घेतल्या. मजुराचा शेतकरी झाला. ही मोठी गोष्ट होती, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या तुकड्यांवरही बहुतेकांनी ऊसच लावला, कारण दाराशी येऊन माल घेणारा एकच गिऱ्हाईक होता, साखर कारखाना. आणि एकच गिऱ्हाईक असले म्हणजे काय होते ते १९३७ साली दिसले. हलक्या जमिनीत तग धरणारी 'उबा' जातीचा ऊस छोटे शेतकरी लावीत. कारखान्यांनी त्याच उसाचा दर पंधरा टक्क्यांनी कापला. युनियन फ्लाक येथे जमावावर गोळीबार झाला आणि चार माणसे मेली. पुढे २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथील संपात पोलिसांच्या गोळीने जे बळी गेले त्यांत अंजलाय कुपेन ही गरोदर मजूर स्त्री होती. कोल्हापूर-सांगलीकडे ऊसदराची आंदोलने पाहिलेल्यांना यात नवे वाटणार नाही. फरक एवढाच की आमच्या दराच्या भांडणात भांगलणाऱ्या आणि तोडणाऱ्या बाईची मजुरी हा विषय व्यासपीठावर चढत नाही, आणि तेथे निदान एका मजूर बाईचे नाव देशाच्या इतिहासात गेले.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा साखरेचा होता. १९७३ साली तेथे ७ लाख १८ हजार टन साखर झाली. हा त्यांचा उच्चांक. १९७५ च्या साखर करारानुसार युरोपने दरवर्षी ५ लाख ७ हजार टन साखर ठरावीक, चढ्या भावाने घ्यायचे मान्य केले. त्या पैशातून त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले. करारबद्ध मजुरांची नातवंडे पदवीधर झाली. आमच्याकडच्या साखरेच्या पैशाचे काय झाले हा प्रश्न इथे कोणाच्याही मनात यावा, पण तो सध्या बाजूला ठेवते.

मग युरोपने भाव पाडला. २००६ पासून चार वर्षांत ३६ टक्क्यांची कपात, २००९ साली करारच संपला. कारखाने एकत्र केले गेले, मोठ्या संख्येने मजुरांना स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली थोडी रोकड आणि घरापुरता तुकडा देऊन घरी बसवले. उत्पादन आता अडीच लाख टनांच्या आसपास आले आहे. ऊस कमी झाला म्हणजे धान्य वाढले असेल, असे माझ्या वर्गातील मुलांना सहज वाटते. तसे झाले नाही. छोट्या शेतकऱ्यांची राने आधी पडीक पडली, कारण तोडणीला माणूस परवडेना. मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनीवर गोल्फची मैदाने आणि परदेशी श्रीमंतांचे बंगले उभे राहिले. त्यासाठी २००२ पासून सरकारी योजनाच आहे. उसाच्या सरींमध्ये बटाट्याचे आंतरपीक घेतात, ताजी भाजी बरीचशी तेथलीच, कोंबडी आणि अंडीही घरची. पण कोंबडीचा मका बाहेरून येतो. एकूण अन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश अन्न आयात होते. तांदूळ जवळजवळ सगळाच. गरिबांसाठी सरकारी महामंडळ स्वस्त तांदूळ आणते आणि त्याला तेथील लोक 'रेशनचा तांदूळ' असेच म्हणतात.

हे वाचून माझ्या आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग आमच्यात आन् त्यांच्यात काय फरक हाय गं? आमी बी रेशनचाच खातोय की."

फरक आहे, पण आपल्याला वाटतो तिथे नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मॉरिशसमध्ये मोठी दुकाने आणि बेकऱ्यासुद्धा काही दिवस पूर्ण बंद ठेवल्या गेल्या, आणि २ एप्रिलपासून आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे खरेदीचे वार वाटून दिले गेले. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, आणि ऑगस्टअखेर खास बाब म्हणून मॉरिशसला १४ हजार टन तांदूळ देण्याची परवानगी दिली. एका देशाचे ताट दुसऱ्या देशाच्या एका अधिसूचनेवर अवलंबून असते ते असे. आमचे ताट कशावर अवलंबून आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून ते फुकट मिळते. ते मिळाले नसते तर आमच्या वाड्यातील कित्येक चुली पेटल्या नसत्या, म्हणून 'फुकट खाऊन माणसे आळशी झाली' म्हणणाऱ्या बागायतदारांशी मी नेहमी भांडते. पण ते धान्य पंजाबातून आणि छत्तीसगडातून येते. बारमाही पाण्याच्या, काळ्या कसदार जमिनीच्या तालुक्यात राहणारा माणूस धान्याची वाट दुसऱ्या राज्याकडून पाहतो. चहूकडे हिरवेगार आणि त्यात खाण्यासारखे काही नाही. बेट म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आता समुद्राकडे येते. मॉरिशसभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि भिंतीच्या आत उथळ, शांत पाण्याचे खाजण. भरतीच्या लाटा भिंतीवर फुटतात म्हणून आत लहान होडीवाल्याला जाता येते आणि ओहोटीला बायका पायी चालत शिंपले, ऑक्टोपस गोळा करू शकतात. मला हे वाचताक्षणी ओळखीचे वाटले. हा समुद्राचा सरवा आहे. त्याला होडी लागत नाही, भांडवल लागत नाही, सातबारा लागत नाही. मळ्यातून बाहेर पडलेल्या गुलामांना जे जगवून गेले ते हेच.

या सरव्यावर चार बाजूंनी गदा आली. किनाऱ्यालगतचा सुमारे ८१ मीटर रुंदीचा पट्टा फ्रेंच काळापासून सरकारी मालकीचा आहे. 'पास जिओमेत्रिक' हे त्याचे नाव. आपले गायरान म्हणा ना. विकता येत नाही, पण भाडेपट्ट्याने देता येतो, आणि तो हॉटेलांना व धनिकांच्या किनारी बंगल्यांना दिला गेला. कोळ्याला आपल्याच पाण्याकडे जायची वाट शोधावी लागते. खाजणात उसाच्या शेतांतले खत आणि औषध पावसाबरोबर उतरते, प्रवाळ मरतो, मासा कमी होतो. बाहेरच्या खोल समुद्रात ट्यूना आहे, पण तो पकडतात युरोपियन जहाजे, सरकारला पैसे भरून. त्यांचा मासा पोर्ट लुईला उतरतो, डब्यात भरला जातो आणि युरोपला जातो, आणि बेटाच्या बाजारात गोठवलेला मासा बाहेरून येतो. चौथी गदा आहे आकाशाची. वादळे, तापलेले पाणी. नोंदणी असलेल्या कोळ्याला खराब हवामानाच्या दिवसांचा भत्ता मिळतो, ही एक चांगली गोष्ट तेथे आहे. आमच्याकडे पंचगंगेला पूर आला की भोई समाजाच्या माणसाला असा कोणता भत्ता मिळतो?

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचे जपानी मालकीचे प्रचंड जहाज आग्नेयेकडील प्रवाळावर चढले. बारा दिवस ते तसेच होते. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले आणि सुमारे एक हजार टन तेल खाजणात पसरले. सरकारने सांगितले, हे काम अधिकाऱ्यांवर सोडा. लोकांनी ऐकले नाही. माहेबूर्ग आणि आसपासच्या किनाऱ्यावर हजारो माणसे जमली, कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट ठासून भरले, तरंगण्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवण्यासाठी ते बांध पाण्यात सोडले. पाचट! आमच्याकडे ज्याला काडी लावतात, ते. ज्या उसाने त्यांना बांधून आणले त्याच्याच पाल्याने ते आपला समुद्र वाचवायला उभे राहिले. क्रिओल, हिंदू, मुसलमान असा भेद त्या आठवड्यात राहिला नाही असे म्हणतात. मी तेवढ्यावर भाळणार नाही. महापुरात आमच्याकडेही भेद राहत नाही, पाणी ओसरल्यावर तो पुन्हा दिसू लागतो. महिनोन्महिने मासेमारी बंद राहिली ती मात्र कोळ्यांची.

या सगळ्या वाचनात मला खरे शिकण्यासारखे काही सापडले ते रॉड्रिग्जमध्ये. मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटरहून अधिक पूर्वेला असलेले हे १०८ चौरस किलोमीटरचे बेट मॉरिशसच्याच राज्यात येते, पण २००२ पासून त्याची स्वतःची सभा आहे. तेथे उसाचे मळे झाले नाहीत. मका, घेवडा, कांदा, मिरची, शेळ्या-मेंढ्या आणि समुद्र. ओहोटीला लोखंडी सळई घेऊन खाजणात ऑक्टोपस टिपायला जातात त्यांत बायका पुष्कळ. दिवसेंदिवस ऑक्टोपस लहान आणि कमी मिळू लागला. २०१२ साली तेथे पहिल्यांदा ऑगस्ट ते ऑक्टोबर असे दोन महिने ऑक्टोपस धरणे बंद ठेवले गेले.

यात शास्त्र सोपे आहे. हा प्राणी वर्ष-दीड वर्षच जगतो आणि झपाट्याने वाढतो. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, ती राखीत बसते आणि मरून जाते. म्हणून ऐन वेळी दोन महिने हात आवरला तर वजन कित्येक पटींनी वाढते आणि पुढची पिढीही निघते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कोवळे कणीस कोणी खुडत नाही. अडचण शास्त्राची नव्हतीच. जिचे घर रोजच्या टिपणीवर चालते तिने दोन महिने काय खायचे, ही अडचण होती. रॉड्रिग्जच्या सभेने त्या काळात त्या माणसांना किनारा साफ करण्याची, अशीच दुसरी कामे दिली आणि त्यांची मजुरी दिली. बंदी उठली तेव्हा मोठाले ऑक्टोपस मिळाले, आणि पुढे ही बंदी दरवर्षीची झाली. २०१६ पासून मुख्य बेटानेही ती घेतली.

'शाश्वत' हा शब्द आता प्रत्येक चर्चासत्राच्या फलकावर असतो. त्याची कसोटी मला एवढीच वाटते की आवरायला कोणाला सांगितले जाते, आणि आवरण्याचे दिवस कोण भरून देतो. आमच्याकडचा अनुभव उलटा आहे. नदीकाठच्या कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी पंचगंगेत येते, तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि जाळे घेऊन परत फिरणाऱ्या भोयाची त्या दिवसाची मजुरी कोणी भरून देत नाही. पाण्याचा अतिरेक करून उसाखालची राने क्षारपड झाली, तीही सुधारायला अनुदान येते ते सातबारावाल्याला. त्या रानात राबून ज्यांचे काम गेले त्यांची नावे सातबारावर नसतात.

आणि गायरानाचे पाहा. भूमिहीनांच्या प्रश्नावर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली सत्याग्रह केले, तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण सरकारने पुढे मान्य केले, ते त्याच लढ्याच्या दाबाने. २०२२ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरान रिकामे करण्याच्या नोटिसा निघाल्या आणि कोल्हापुरातही लोक रस्त्यावर आले. त्या वेळी एक सुशिक्षित सहकारी मला म्हणाले, "मॅडम, गायरान हे गावाचे सामाईक आहे, पर्यावरणासाठी ते मोकळे राहिले पाहिजे." सामाईक हा शब्द ऐकायला गोड. पण मॉरिशसचा किनाराही सामाईकच आहे, आणि त्यावर तारेचे कुंपण आहे. सामाईक जमिनीवर गरिबाने दाणा पिकवला तर ते अतिक्रमण आणि मोठ्याने प्रकल्प उभारला तर तो विकास, हा न्याय दोन्हीकडे एकच.

सरकारी योजना नाही असे नाही. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची, दादासाहेब गायकवाडांच्याच नावाची योजना २००४ पासून आहे. पण जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची, तीही सरकारी दराने. शिरोळसारख्या भागात त्या दराने कोण विकेल? तेव्हा ज्या जमिनीचा मालक आधीच सरकार आहे तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे? गायरानाचे तुकडे महिलांच्या गटांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावेत, त्यावर ऊस लावायचा नाही अशी अट घालावी, आणि शाळू, नाचणी, कडधान्य जे पिकेल ते सरकारने हमीभावाने घेऊन त्याच गावच्या रेशन दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात द्यावे. यात नवीन खात्याची गरज नाही. चर्चासत्रात मी हे बोलले तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. विषय बेटांचा होता ना.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचा तालुका खरोखरच बेट झाला होता. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गाड्या दिवसचे दिवस उभ्या राहिल्या, दुधाचे संकलन थांबले, कोल्हापुरात भाजी मिळेना. गावागावांना पाण्याने वेढले, आणि पाणी आधी शिरले ते नदीकडच्या सखल भागात, म्हणजे आमच्या वस्त्यांत. छावणीत खिचडी मिळत होती. घरी परतल्यावर डब्यात जे रेशनचे धान्य होते त्याला मोड आलेले होते. चारी बाजूंना ऊस पाण्यात उभा होता, लाखोंचा. आईने तेव्हा ठरवले की खंडाची मुदत संपली की अठरा गुंठे घरी घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी घेतले आणि शाळू पेरला. पाणी देणाऱ्याने आधी तोंड वाकडे केले. एवढ्याशा शाळवाला पाळी कशाला, म्हणाला. मग दिली. पण जी गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती ती निराळीच. चौफेर ऊस असल्यामुळे साऱ्या शिवारातली पाखरे आमच्याच कणसांवर. आई पहाटेपासून गोफण घेऊन उभी, सुट्टीच्या दिवशी मी. तरी चौथा हिस्सा गेला. पोती झाली दोन आणि वर थोडे.

काढणीच्या दिवशी शेजारच्या रानात ऊसतोडणीची टोळी होती. दुपारी त्यांतल्या बीडकडच्या दोघी बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या कडेला पोर. "मावशे, सरवा येचू का?" तिने विचारले. आईने कमरेवर हात ठेवून थोडा वेळ रानाकडे पाहिले. मग म्हणाली, "काढणी सपली न्हाई अजून. या, पोराला सावलीला ठिवा आधी."